निरोप आणणारा दोस्त

माय जेवायला नाही म्हणाली की मी मोबाइल काढतो आणि सैनिकाचं एखादं गाणं लावतो. कोणतंही चालतं. त्यात बर्फ असावा, घराची आठवण असावी आणि शक्यतो आई असावी. सुरुवातीची बासरी वाजली की मायची मान वर होते, डोळे दाराकडे जातात. मी घास पुढे करतो आणि ती तो घेते. एक गाणं संपेपर्यंत अर्धी भाकरी जाते. दुसरं लावलं की उरलेली अर्धी.

माझी बायको म्हणते, "तुमच्याइतकी युक्ती मला नाही जमत." तिला ते कौतुक वाटतं. मला मात्र प्रत्येक वेळी चोरी केल्यासारखं होतं. का होतं, ते एकदा नीट लिहून काढावं असं फार दिवस मनात होतं.

आम्ही धुळ्याजवळच्या एका खेड्यातले. आबांची कपाशी, थोडी बाजरी, एक विहीर. आम्ही दोघे भाऊ. तो थोरला, त्याला मी भाऊ म्हणतो. माय त्याला मोठा म्हणायची, अजूनही म्हणते. मी दहावीला असताना भाऊ धुळ्याला भरतीला गेला आणि संध्याकाळी उघड्या अंगानं, शर्ट खांद्यावर टाकून घरी आला. त्याच्या छातीवर जांभळ्या शाईनं नंबर लिहिलेला होता. मायनं गरम पाणी काढलं, साबण घेतला, तर तो म्हणाला, "राहू दे दोन दिन. गावना पोरेसले दाखाडू दे." तो नंबर पुसला गेला तोवर त्याचं बोलावणंही आलं.

पहिल्या सुट्टीत त्यानं काळ्या पेटीतून कॅन्टीनचा टेपरेकॉर्डर आणला. आमच्या आळीतला तो पहिला. आबांना भजनं हवी होती, मायला काहीच नको होतं, तिला फक्त तो त्याच्या हातचा म्हणून पुसून ठेवायचा होता. कॅसेट आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी तोवर धुळ्याला कॉलेजात जायला लागलो होतो.

तेव्हा बाजारात कॅसेट भरून देणारी दुकानं असत. कोरी कॅसेट घ्यायची, आपली गाणी सांगायची आणि दोन दिवसांनी जाऊन घेऊन यायची. मी गेलो तो दुकानदार कानावर हेडफोन लावूनच बोलायचा, त्यामुळे सगळ्या रस्त्याला ऐकू जायचं.

"कसली भरू? लग्नाची, देवाची, का दर्दभरी?"

"फौजीची," मी म्हणालो.

"घरात कोणी आहे का तिकडे?"

"मोठा भाऊ."

त्यानं हेडफोन काढला. "मग एक ऐक. एका बाजूला फौजीची भरतो, दुसऱ्या बाजूला लग्नाची. दोन्हीकडे फौजीची भरली ना, तर तुझी आई चूलच पेटवायची नाही."

मी ऐकलं नाही. दोन्ही बाजूंना सैनिकांची गाणी भरून घेतली.

त्या गाण्यांचं जग मला आजही पाठ आहे. त्यात एक घर असतं आणि घरासमोर एक झाड. दारात आई उभी असते, तिला दुसरं काही काम नसतं. सैनिक डोंगरावर असतो आणि त्याला रात्री आईच्या हातची भाकरी आठवते. कधी बहीण असते, तिची राखी वेळेवर पोचत नाही. कधी नवी नवरी असते. आणि बऱ्याच गाण्यांत एक दोस्त असतो. सैनिक त्या दोस्ताला सांगतो, तू सुट्टीवर चालला आहेस, माझ्या गावावरून जा, माझ्या आईला सांग की मी बरा आहे. मग दोस्त गावात येतो, दारात उभा राहतो आणि निरोप सांगतो. हे कडवं आलं की माय पदर तोंडाला लावायची. त्या गाण्यांत कपाशीवर कधी अळी पडत नसे आणि सैनिकाला लहान भाऊ असा कधी नसायचाच. ते माझ्या तेव्हाही लक्षात आलं होतं आणि थोडं लागलंही होतं.

दुपारी कापूस वेचून आली की माय हात धुवायच्या आधी म्हणायची, "लाव रे मोठाना गाना." ती त्याचीच गाणी आहेत असं ती धरून चालली होती. मी बटण दाबायचो आणि तिच्यासमोर बसायचो. खरं सांगायचं तर त्या वेळा माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या होत्या. ओसरीवर उन्हाची तिरीप, मायच्या पदराला चिकटलेला कापूस, टेपच्या आत फिरणारी चाकं आणि आम्ही दोघं मिळून कोणासाठी तरी रडतोय. मला ते रडणं आवडायचं. भाऊ दूर आहे म्हणून ते मिळतं, हे कळायचं आणि तरी आवडायचं.

भाऊ सुट्टीवर यायचा तेव्हा मात्र हे चालत नसे. एकदा मी मोठ्या हौसेनं ती कॅसेट लावली. तो खाटेवर पडला होता. पहिलं कडवं संपायच्या आत उठला, चपला घातल्या आणि गोठ्याकडे गेला. मी मागोमाग गेलो. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"आवडनं नही का?" मी विचारलं.

"काय आवडाव?"

"तुमी तठे अशी गाना नही म्हनतस?"

तो हसला. "तठे कोनी असं गानं लावं ना, तर सुभेदार ओरडस. रडीसन सुट्टी मिळत नही म्हने. आमी तठे लगनना गाना लावतस. नाचतस बी."

मला ते पटलंच नाही. वाटलं, हा लपवतोय. गाण्यातला सैनिक असा नव्हता. तो तारे बघायचा, आईला आठवायचा. आमचा भाऊ गावात आला की मटण कधी करणार ते विचारायचा, दुपारभर घोरायचा, आणि माझ्या केसांना तेल फार झालं म्हणून टपली मारायचा. तो परत गेला की मला हायसं वाटायचं असं म्हणणार नाही, पण तो गेल्यावर गाणी पुन्हा सुरू व्हायची आणि गाण्यातला भाऊ मला जास्त जवळचा वाटायचा, हे खरं आहे.

आता रोटांबद्दल सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवीचे रोट असतात. खानदेशात घरोघरी रीत थोडी वेगळी. आमच्या घरी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते जाडसर दळायचे आणि त्याच पिठाचे रोट करायचे. सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. रोट फक्त घरच्यांनी खायचा. लेक लग्न होऊन गेली की तिलासुद्धा मिळत नाही. शेजारचं पोर खेळत आलं तर त्याच्या हातावर गूळ ठेवून त्याला वाटेला लावायचे. उरलेलं पीठही घरच्यांनीच पुनवेच्या आत संपवायचं. रोट बाहेरच्याच्या तोंडात गेला तर कानबाई रुसते, असं माय मानते, आणि माय मानते म्हणून आम्ही मानतो.

भाऊ फौजेत गेला त्या वर्षी प्रश्न पडला. तो घरात नाही, मग त्याच्या नावाची मूठ घ्यायची की नाही? आबा म्हणाले, "तो कोठे घर सोडी गया?" मायनं मूठ घेतली. रोट झाला. आता तो खायचा कोणी? डोंगरावर पाठवता येत नाही, पोस्टात कोणाकोणाचे हात लागणार. माझ्या ताटात माझा रोट होताच. मायनं दुसरा त्याच्यावर ठेवला आणि म्हणाली, "तुना भाऊना शे. तू खाई ले."

तेव्हापासून भाऊच्या नोकरीची सगळी वर्षं मी दरवर्षी दोन रोट खाल्ले. रोट जड असतो. पहिला आवडीनं जायचा, दुसरा पाण्याच्या घोटाबरोबर. पण उरवायचा नाही, भाऊचा आहे. माय समोर बसून बघायची, माझ्या तोंडून तो त्याच्याच पोटात जातोय असं तिला वाटत असावं. आणि नंतर ती म्हणायची, आता गाणं लाव.

एका उन्हाळ्यात वरच्या डोंगरात लढाई सुरू झाली. भाऊची पलटण तिकडेच होती. गावात दोन टीव्ही होते, दोन्हींसमोर गर्दी. धुळ्याच्या बसस्टँडवर, रिक्षात, रसवंतीवर, जिकडे तिकडे तीच गाणी वाजत होती. ज्यांच्या घरचं कोणी फौजेत नव्हतं तेही डोळे पुसायचे. कॉलेजच्या दोस्तांना मी सांगायचो की माझा भाऊ तिकडे आहे, आणि ते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. मला चहा पाजायचे. त्या दिवसांत मी खरोखर घाबरलो होतो, झोप लागत नव्हती, तरी तो हात आणि तो चहा मला हवासा वाटायचा. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

लढाई थांबली, भाऊ नीट असल्याचा फोन सरपंचांच्या घरी आला, आणि मग श्रावण लागला. त्या वर्षीही तो येऊ शकला नाही. मी दोन रोट खाल्ले.

पुढे मला दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरी लागली. लग्न झालं, मुलं झाली. आबा गेले. भाऊ हवालदार म्हणून निवृत्त होऊन आला, तेव्हा गावानं बसथांब्यापासून मिरवणूक काढली. लाउडस्पीकरवर तीच गाणी. भाऊ गळ्यात झेंडूचे हार घेऊन जीपमध्ये उभा होता आणि मला खुणेनं म्हणत होता, पाणी दे. मुलांच्या शिक्षणासाठी त्यानं धुळ्यात घर केलं. एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी धरली. रोटांना यायला लागला. आता माझ्या ताटात एकच रोट असायचा आणि त्याचा त्याच्या. सगळं जागेवर आलं होतं.

आबांच्या मागे माय काही वर्षं गावी एकटी राहिली, मग मी तिला दीपनगरला आणलं. इथे आल्यावर तिचं विसरणं सुरू झालं. आधी कालचं विसरली, मग नातवंडं कुठे असतात ते, मग आबा गेले ते. डॉक्टर म्हणाले, अलीकडचं आधी जातं, जुनं मागे राहतं. माय मागे मागे जात एका जागी येऊन थांबली. भाऊ डोंगरावर आहे आणि ती त्याची वाट पाहते आहे, त्या जागी. ती तिथेच का थांबली, याचं उत्तर डॉक्टरांकडे नव्हतं. माझ्याकडे आहे असं मला वाटतं. ती जेवेना म्हणून एके दिवशी मी मोबाइलवर जुनं गाणं लावलं आणि ती जेवली. तेव्हापासून रोज दोन वेळा मी तिला सांगतोय की तुझा मोठा घरापासून लांब आहे.

आणि मोठा तर दर पंधरवड्याला धुळ्याहून बसनं येऊन तिच्यासमोर बसत होता.

पहिल्यांदा तिनं त्याला विचारलं, "कोन शे रे दादा?" तेव्हा त्याला गंमत वाटली. तो म्हणाला, "मीच शे माय. मोठा." माय त्याच्याकडे बघत राहिली. पांढऱ्या मिशा, टक्कल, सुटलेलं पोट. मग घाबरून माझ्या बायकोला म्हणाली, "याले बाहेर काढ. मना मोठाना केस काळा शेत." भाऊनं पुढच्या वेळी पुन्हा सांगून पाहिलं. ती रडायला लागली. मग त्यानं सांगणं सोडलं. ती त्याला मुलाच्या पलटणीतला कोणी समजायची, विचारायची, "मना मोठा भेटना का तुले?" आणि तो नुसती मान हलवायचा.

एकदा तो आला तेव्हा मी मायला भरवत होतो आणि गाणं चालू होतं. तो दारातच थांबला. गाणं संपल्यावर मला बाहेर बोलावलं.

"हाई बंद कर," तो म्हणाला.

"जेवत नही भाऊ ती."

"मी तिना समोर बठेल शे. आनि तू तिले रोज सांगस, तो तठे शे. मंग ती माले कशी वळखी?"

गाणं बंद केलं. मायनं तीन दिवस धड काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघराचं दार लोटून पुन्हा लावलं. भाऊला सांगितलं नाही, पण पुढच्या खेपेला माय स्वतःच म्हणाली, "गाना लाव ना," आणि त्याला कळलं. तो चहा न घेता उठला. त्यानंतर येणं कमी झालं. या वर्षी श्रावण जवळ आला तसा मी फोन केला, तर म्हणाला, "रोटले नही येत मी. आठे येवानं आनि पाव्हनासारखं बठानं. तूच खाई ले मना रोट. सवय शे तुले."

तो हे हसत म्हणाला होता. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ते 'सवय शे तुले' मनात घोळवत बसलो.

मग माझ्या बायकोनं त्याला फोन लावला. ती जळगावची, तिची बोली वेगळी आणि धीटपणाही वेगळा. म्हणाली, "भाऊ, यांच्यासाठी नका येऊ, माझ्यासाठी या. सासूबाई मूठ घेताना तुमचं नाव घेतील, आणि तेव्हा मला एकटीला रडू येईल. रडायचं असेल तर सगळे मिळून रडू."

रविवारी भाऊ आला.

आदल्या दिवशी मायनं मुठी घेतल्या होत्या. तिला आजचा वार माहीत नसतो, पण गव्हाचं सूप समोर ठेवल्याबरोबर हात आपोआप चालला. माझ्या नावाची, दोन्ही घरांतल्या मुलांच्या नावांची. शेवटी एक मूठ घेऊन ती थोडी थांबली आणि म्हणाली, "आनि हाई मना मोठानी. तठे शे बिचारा." मूठ इतरांपेक्षा मोठी होती, हे मी दरवर्षी पाहत आलोय.

दुपारी पानं वाढली. माय खुर्चीवर, आम्ही खाली. मुलं पुण्याला, त्यांच्या वाट्याचं पीठ ती पुनवेच्या आत येतील तेव्हासाठी ठेवलेलं. रोट मायच्या हातानंच वाढायचे असतात, म्हणून बायकोनं परात तिच्या मांडीवर धरली. मायनं माझ्या ताटात माझा रोट ठेवला. मग मोठ्याचा उचलला, भाऊच्या डोक्यावरून नजर फिरवली आणि तोही माझ्याच ताटात ठेवला.

"तुना भाऊना शे. तू खाई ले."

भाऊच्या ताटात खीर होती, गंगाफळाची भाजी होती आणि मधली जागा रिकामी. बायकोनं परातीतला एक उचलून त्याच्याकडे वळवला, तशी मायनं तिचं मनगट धरलं.

"त्याले नको देऊ बाई. बाहेरना शे." आणि भाऊकडे वळून अगदी अजीजीनं म्हणाली, "वाईट वाटू देऊ नको हं दादा. आमना घरनी रीत शे. खीर खाय, पोटभर खाय."

"नही वाटत माय," भाऊ म्हणाला.

ओरडून सांगावं की हाच तो, असं वाटलं. मी तोंड उघडलं तर भाऊनं हातानं थांबवलं. सगळे ताटासमोर नुसते बसून. माय आमच्या तोंडांकडे बघत होती, तिलाही काहीतरी बिघडलंय हे कळलं असावं, कारण तिनं स्वतःचा घास खाली ठेवला.

"गाना लाव," ती म्हणाली.

मी हललो नाही. भाऊकडे बघायचीसुद्धा हिंमत नव्हती.

"लाव," भाऊच म्हणाला. "ती जेवाले बसेल शे. लाव."

मी लावलं. मोबाइलमध्ये जे वर होतं ते लागलं. दोस्त निरोप घेऊन येतो, ते. भाऊ मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता. इतक्या वर्षांत यातलं एकही गाणं त्यानं असं समोर बसून शेवटपर्यंत ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं. दोस्त दारात उभा राहिला. दोस्तानं आईच्या पाया पडून निरोप सांगितला. गाणं संपलं.

भाऊ घसा खाकरून म्हणाला, "माय, तुना मोठानी निरोप धाडेल शे."

मायचे डोळे त्याच्यावर आले. "काय म्हनस तो?"

"बरा शे म्हनस. थंडी शे तठे. पाय बर्फमा भिजतस, मोजा सुकत नहीत. रॉकेलना स्टो लावतस, नाक काळं हुई जास. पन बरा शे."

"जेवस का?"

"जेवस. डब्बामाधलं खास. आवडत नही, पन खास." मला वाटलं, आता गाण्यातलं काहीतरी सांगेल. पण त्यानं वेगळंच सांगितलं. "रोटना रविवार त्याले ध्यानमा ऱ्हास. त्या दिवशी लंगरमा पुरी व्हनी तर तो एक पुरी बाजूले ठेवस. कोपरामा बठीसन, पाठ करीसन खास. कोनले देत नही. बाकीना त्याले चिडवतस, कंजूस म्हनतस. साहेब एकदाव म्हने, हवालदार, पुरी क्या सोने की है?"

माय हसली. दात नसलेलं, मोकळं हसू. "सांगानं ना त्याले, आमनी रीत शे म्हनीसन!"

"सांगं. साहेब म्हने, तेरी देवी यहाँ तक आती है क्या. तो म्हने, आती है साहब."

हे मला माहीत नव्हतं. त्यानं कधीच सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं कधी होतं? मी इकडे त्याचा रोट पाण्याबरोबर ढकलत होतो, त्याच दिवशी तो तिकडे भिंतीकडे तोंड करून पलटणीच्या लंगरची, स्वयंपाकघराची, पुरी खात होता, आणि आमच्या ओसरीवर त्याच्या नावानं भलतीच गाणी वाजत होती.

माय जरा पुढे झुकली. "तुले तरी दिन्ही का त्यानी? पुरी?"

भाऊनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "दिन्ही माय. अर्धी."

"कशी काय? तू तर बाहेरना."

"मी बी तेच म्हंता. तर म्हने, आपन एकच ताटमा जेवतस, तू मना घरनाच शे."

माय विचारात पडली. तिचा हात परातीच्या काठावरून फिरत होता. मग तिनं मला बोटानं जवळ बोलावलं. मी ताट घेऊन सरकलो. तिनं माझ्या ताटातला वरचा रोट उचलला, दोन्ही हातांत धरला आणि भाऊच्या ताटात ठेवला.

"मोठानी सांगं ना, मंग तू बी मना पोऱ्या शे. हाऊ त्याना शे, पन तू खाय. हाऊ आते बस व्हई." शेवटचं ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, माझं पोट आता भरलंय अशा अर्थानं.

भाऊनं रोट मोडला. माझी बायको पदरानं नाक पुसत तूप आणायला आत गेली. भाऊ खाली मान घालून खात होता, हळू, एकेक तुकडा. अर्धा झाल्यावर त्यानं हात थांबवला आणि उरलेला अर्धा ताटाच्या कडेला ठेवला.

"हाऊ त्याले लई जास," तो म्हणाला. "आमनं अर्ध अर्धच ऱ्हास."

"रस्तामा कोनले देऊ नको," माय म्हणाली. "आनि पुनव ना आधी देजो." एवढं सांगून तिनं आपलं ताट ओढलं आणि गाण्याशिवाय जेवायला लागली.

दुपारी मी त्याला गाडीवरून भुसावळच्या स्टँडवर सोडलं. शर्टाच्या खिशात रुमालात बांधलेला अर्धा रोट होता आणि तो एका हातानं खिसा दाबून बसला होता. वाटेत मी म्हणालो, "भाऊ, ती गाणी मी..." तो म्हणाला, "गाडी दखीसन चालाड." धुळ्याची बस लागली होती. तो खिडकीशी बसला आणि बस निघेपर्यंत आम्ही दोघंही दुसरीकडे बघत राहिलो.

पुनवेच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"खाई लिधा," तो म्हणाला. "वाळी गयथा. चहामा बुडाईसन खाधा."

"कोनले दिधा नही ना?"

"तुनी वहिनीले बी नही." ती घरचीच होती, तिला चाललं असतं, पण माझ्या ते नंतर लक्षात आलं. मग तो म्हणाला, "ते गाना धाड माले."

"कोनतं?"

"त्या दिवसनं. दोस्तवालं. आनि तसा आखो ज्या व्हतीन त्या बी धाड."

भाऊ, आणि ही गाणी मागतोय. "कसाले रे?" मी विचारलं.

"कसाले म्हंजे? रविवारले येई ऱ्हायनू मी. ती निरोप इचारी. मनापन होतं नोतं तेवढं सांगी चुकनू." पलीकडे वहिनी काहीतरी बोलत होती, तिला त्यानं थांब म्हटलं. "तो दोस्त काय काय सांगस, ते दखू तरी दे."